पाण्याच्या काठावर कुत्रा नेताना : पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

कुत्रा पाणी पीत असताना एकदा शेजारी उकिडवं बसून नीट बघा. पुढचे दोन्ही पाय चिखलात रुतलेले, मागचा भाग वर, मान पूर्ण खाली. जिभेचं टोक मागच्या बाजूला वळवून तो पाणी वर ओढतो आणि त्याचा लपलप आवाज सारखा चालू असतो. डोळे पाण्याच्या वर जेमतेम वीतभर. त्या अर्ध्या मिनिटात त्याचं सगळं लक्ष जिभेकडे असतं. अचानक मागे फिरायचं झालं तर आधी चिखलातून पाय उपसायचे, मग वळायचं. आणि ज्या नाकावर तो एरवी विसंबतो, ते नाक पाण्याखाली दबा धरून बसलेल्या जनावराच्या बाबतीत फारसं कामाला येत नाही.

हे चित्र आधीच डोळ्यांपुढे आणलं, कारण नवख्या माणसाची काळजी बहुतेक वेळा पाण्याच्या खोलीची असते. बुडेल का, प्रवाह ओढून नेईल का? ती काळजी रास्तच आहे. पण वन्य प्राण्यांच्या बाजूने पाहिलं तर धोका भर पाण्यात कमी आणि काठाच्या चार-पाच मीटरच्या पट्ट्यात जास्त असतो. सगळी जनावरं तिथेच उतरतात, शिकार करणारीही तिथेच थांबतात, अंडी आणि पिल्लंही तिथेच असतात. म्हणून खालची प्रत्येक पायरी एकाच गोष्टीसाठी आहे : काठावर केव्हा, कुठून आणि किती जवळ जायचं हे माणसाने ठरवायचं, कुत्र्याने नाही.

पहिली पायरी : निघायच्या महिनाभर आधी

महिनाभर आधी, कारण लसींना वेळ लागतो. रेबीज आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) यांच्या लसी बहुतेकांनी दिलेल्या असतात, लेप्टोची राहून जाते. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर आणि अनेक वन्य प्राण्यांच्या लघवीतून पाण्यात येतात. साचलेलं पाणी, चिखल, ओलसर गवत यांत ते बरेच दिवस तग धरतात. कुत्र्याने ते पाणी प्यायलं किंवा पायाला नुसता ओरखडा असताना तो त्यात उतरला, तरी लागण होऊ शकते. पुढे यकृत आणि मूत्रपिंडावर बेततं, शिवाय हा आजार माणसालाही होतो. पहिल्यांदा लस देताना दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात आणि मग दरवर्षी एक. नेहमीच्या लसीत लेप्टो आहे असं गृहीत धरू नका, कार्ड उघडून डॉक्टरांना दाखवा.

लस केवळ आपल्या कुत्र्यासाठी नसते, हेही सांगायला हवं. १९८७-८८ साली बैकाल सरोवरातले सील मोठ्या संख्येने मेले, तेव्हा त्यांच्यात कुत्र्यांच्या डिस्टेंपरचाच विषाणू सापडला. २००० साली कॅस्पियन समुद्रातल्या सीलमध्ये त्याच विषाणूने हजारोंचा बळी घेतला. उलट दिशेनेही रोग येतो. २०२४ साली दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर केप फर सीलमध्ये रेबीज असल्याचं सिद्ध झालं. त्या किनाऱ्यावर कुत्रा फिरवणाऱ्यांना सीलचा चावा ही एकदम वेगळीच गोष्ट होऊन बसली.

पिशवीत काय घ्यायचं ते थोडक्यात सांगते. दीड-दोन मीटरची ठरावीक लांबीची मजबूत दोरी, अंगात नीट बसणारा हार्नेस (छाती-खांद्यांभोवती बांधायचा पट्टा), शिट्टी, भरपूर पिण्याचं पाणी आणि पसरट भांडं, जखम धुवायला सलाईनची बाटली, स्वच्छ कापड आणि बँडेज, हातमोजे, आणि मोठा कुत्रा उचलून न्यायला जाड चादर. दुखावलेला कुत्रा स्वतःच्या माणसालाही चावतो, म्हणून तोंडाला बांधायचा मऊ पट्टा वेगळा ठेवा. जाणार त्या भागातल्या, रात्री उघड्या असणाऱ्या पशुवैद्यांचा फोन नंबर कागदावर लिहून घ्या. काठावर रेंज असेलच असं नाही, पण कागद दुसऱ्या कोणाच्या तरी हातात देता येतो.

दुसरी पायरी : हे पाणी कोणाचं आहे, ते विचारा

पाण्याचा प्रत्येक तुकडा कोणाचा तरी असतो. खाडी, कांदळवन, धरणाचं मागचं पाणी, कालवा, तळं, बर्फाळ प्रदेशातला ओढा, समुद्रकिनारा, प्रत्येक ठिकाणचे मालक वेगळे. खाऱ्या पाण्यातली मगर सुंदरबन आणि भितरकणिकापासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत आहे, आणि ‘खाऱ्या पाण्यातली’ म्हणतात तरी नदीतून बरीच आतपर्यंत येते. दक्षिण आशियातली गोड्या पाण्यातली मगर तळी, धरणं, अगदी कालव्यातसुद्धा राहते. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात सुमारे १३ लाख ॲलिगेटर (मगरीचेच भाऊबंद) आहेत आणि ते तिथल्या सर्व ६७ काउंटींत, म्हणजे जिल्ह्यांत, आढळतात, म्हणजे वसाहतीमधल्या शोभेच्या तळ्यातही असू शकतात. ‘इतक्या छोट्या पाण्यात काय असणार’ हा विचार तिथे कुत्र्याच्या जिवावर उठतो.

माहिती विचारायची एक रीत आहे. मासेमारी करणारे, गुरं चारणारे, वनरक्षक यांना “इथे मगर आहे का?” असं विचारलं की उत्तर बहुतेकदा “नाही हो, इतक्यात कोणी पाहिली नाही” असं येतं. त्याऐवजी विचारा, “तुमची जनावरं कुठे पाणी पितात? आणि कुठे नेत नाही?” दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मन लावून ऐका. जिथे गुराखी आपली शेळी नेत नाही, तिथे आपण कुत्रा नेऊ नये. धोक्याची पाटी लावलेली नाही म्हणजे जनावर नाही, असा अर्थ काढू नका. पुरानंतर तर मागची सगळी माहिती जुनी धरा, कारण पाण्याबरोबर मगरी, साप सगळेच जागा बदलतात.

अनेक राष्ट्रीय उद्यानांत आणि पक्ष्यांच्या विणीच्या जागी कुत्र्यांना पूर्ण बंदी असते. तिथे ‘आमचा शहाणा आहे’ म्हणून सवलत मागू नका. दुसरी जागा शोधा.

तिसरी पायरी : काठापासून लांब उभं राहून बघा

पोचल्या पोचल्या काठावर जायचं नाही. वीस-तीस पावलं मागे, उंचावर थांबा, कुत्र्याला बसवा आणि दहा मिनिटं नुसतं बघा. ही दहा मिनिटं माझ्या मते या लेखातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा उपाय आहे, आणि लोक नेमका तोच गाळतात.

आधी चिखल पाहा. मगर पाण्यात घसरत उतरते तिथे पोटाने घासलेला गुळगुळीत पट्टा पडतो, बाजूला पंजांच्या खुणा आणि कधी मधोमध शेपटीची रेघ दिसते. खडकावर काळपट, माशांच्या खवल्यांनी आणि बारीक काट्यांनी भरलेली, उग्र वासाची विष्ठा असेल तर तो पाणमांजरांचा अड्डा. खालून शंकूसारखी कुरतडलेली झाडं दिसली तर तिथे बीव्हर (दातांनी झाडं पाडणारा, पाण्यात राहणारा मोठा कुरतडा प्राणी) आहेत. झुडपांतून पाण्याकडे उतरणारी चिंचोळी, पायांनी मऊ झालेली वाट ही रानजनावरांची ये-जा सांगते. त्या वाटेच्या तोंडाशी कधीही बसू नका, कारण तिथे दबा धरणारेही येतात.

मग पाण्याचा पृष्ठभाग. तरंगतं लाकूड प्रवाहाबरोबर जातं. प्रवाह असून जे जागचं हलत नाही किंवा वाऱ्याच्या उलट सरकतं, त्याच्यावर नजर ठेवा. मगरीचे डोळे आणि नाकपुड्या डोक्याच्या अगदी वरच्या बाजूला असतात, त्यामुळे बाकी सगळं अंग पाण्याखाली ठेवून ती श्वास घेते आणि बघतही राहते.

आणि कान द्या. काठावरच्या उघड्या जमिनीत टिटवीची अंडी असतात, मातीच्याच रंगाची. तिने डोक्यावर घिरट्या घालून कल्लोळ सुरू केला तर तुम्ही किंवा तुमचा कुत्रा तिच्या अंड्यांजवळ आलेला आहे. चिखल्यासारखे लहान किनारी पक्षी पंख मोडल्याचं सोंग करून लंगडत पुढे पळतात, आणि कुत्रा हमखास त्यांच्या मागे धावतो. पक्षी अंड्यांपासून दूर नेतोय, पण कुत्र्याला तो कुठे नेईल याचा भरवसा नाही. अशा वेळी दोरी आखडा आणि आल्या वाटेने परत जा.

चौथी पायरी : दोरी हातात, आणि साधी दोरी

गुंडाळी होणारी, बटण दाबून लांब जाणारी दोरी काठावर वापरू नका. ती कुत्र्याला नेमकं तिथवर जाऊ देते जिथून आपण त्याला वेळेत ओढू शकत नाही. आठ-दहा मीटरची लांब दोरी मोकळ्या मैदानावर सरावासाठी उत्तम, काठावर मात्र ती झुडपांत आणि पाण्यातल्या फांद्यांत अडकते. दीड-दोन मीटर पुरे. ती हार्नेसला लावा, गळ्याच्या पट्ट्याला नको, म्हणजे जोरात मागे खेचावं लागलं तर मानेला इजा होत नाही. दोरी मनगटाला गुंडाळूनही घेऊ नका. मोठ्या जनावराने कुत्रा ओढला तर तुम्हीही ओढले जाल.

“आमचा कधी लांब जात नाही” हे बहुतेक अपघातांच्या आधीचं वाक्य असतं. तो घरी जात नसेलही, पण समोरून हरणाचं पाडस उठून पाण्यात धावलं की आज्ञाधारक कुत्र्याचंही डोकं फिरतं.

पाचवी पायरी : तहान काठावर पोचण्याआधी भागवा

कुत्रा काठाकडे जातो तो मुख्यतः तहानेने. साधारण कुत्र्याला दिवसाला वजनाच्या किलोमागे ५० ते ६० मिलीलीटर पाणी लागतं, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला लिटर-सव्वा लिटर. उन्हात चालला की त्याहून बरंच जास्त. म्हणून काठाच्या अर्धा तास आधी एकदा, पोचल्यावर लांब उभे असताना पुन्हा एकदा, आपल्या भांड्यातून पाजा. पोटभर प्यायलेल्या कुत्र्याला आवरणं आणि तहानलेल्याला आवरणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

यामुळे लेप्टोचा धोकाही घटतो आणि निळ्या-हिरव्या शेवाळाचाही. पाण्यावर हिरव्या रंगाचा थर किंवा तवंग दिसला तर त्या पाण्यात कुत्र्याचा पायसुद्धा नको. त्यातली काही विषं तासाभराच्या आत मारतात आणि त्यांवर उतारा नाही.

सहावी पायरी : तीन शब्द पक्के करा

“ये”, “थांब” आणि “सोड”. शब्द कुठलेही निवडा, पण घरातल्या सगळ्यांचे तेच असू द्या.

“थांब” हा काठाचा शब्द. घराच्या दारातून सुरुवात करा. दार उघडण्याआधी थांबायचं, मोकळीक दिली की जायचं. मग फाटक, मग रस्त्याची कड, मग जमिनीवर ठेवलेली एक दोरी. शेवटी पाणी, तेही जिथे कसलाही धोका नाही असं. पाणी दिसलं की आपोआप थांबून माणसाच्या तोंडाकडे बघायचं, ही सवय लागायला दोन-तीन महिने लागतात. घाई करू नका.

“सोड” म्हणजे तोंडातलं टाक आणि नाकासमोरचं हुंगूही नको. मुठीत खाऊ धरून शिकवा. कुत्रा मूठ चाटेल, पंजा मारेल. तो मागे हटला की दुसऱ्या हातातला त्याहून चांगला खाऊ द्या. मुठीतला कधीच द्यायचा नाही, म्हणजे “सोड” म्हटलेली वस्तू आपल्याला मिळत नसते हे त्याला कळतं.

“ये” साठी शिट्टी चांगली. वाऱ्यात आणि लाटांच्या आवाजात हाक विरते, शिवाय घाबरलेल्या माणसाचा आवाज चढतो आणि कुत्र्याला तो ओळखीचा वाटत नाही. शिट्टी दर वेळी सारखीच वाजते. एक नियम मात्र कधीही मोडू नका : आलेल्या कुत्र्याला, कितीही उशिरा आला तरी, रागवायचं नाही.

मगरीच्या मुलखात

इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण बाकीच्या बहुतेक चुका निस्तरता येतात, ही येत नाही.

मगर कुत्र्याला शत्रू समजत नाही, भक्ष्य समजते. पाण्यावर येणारं मध्यम आकाराचं चार पायांचं जनावर ती सहज धरते. तिच्या जबड्यावर बारीक काळे ठिपके असतात, त्यांना पाण्याच्या पृष्ठभागावरची हालचाल जाणवते. २००२ साली डाफ्ने सोआरेस या जीवशास्त्रज्ञांनी ॲलिगेटरवर केलेल्या अभ्यासात दिसलं की पूर्ण अंधारातही ते पाण्यावर पडलेल्या एका थेंबाच्या दिशेने वळतात. आता कुत्र्याची ती लपलप आठवा. गरज पडली तर तासभरही पाण्याखाली राहू शकणाऱ्या जनावराला आपण आपला पत्ता ओरडून सांगत असतो.

उत्तर ऑस्ट्रेलियात काठावरच्या लोकांना पाण्यापासून किमान ५ मीटर दूर राहायला सांगतात. तो आकडा कुत्र्यासाठीही तसाच पाळा. मगरी जास्त करून संध्याकाळपासून पहाटेपर्यंत शिकार करतात, म्हणून त्या वेळी काठ पूर्ण वर्ज्य. दिवसा धोका नसतो असं मात्र नाही.

दुसरी गोष्ट कमी जणांना माहीत असते. मगर सवयी लक्षात ठेवते. रोज सकाळी सातला त्याच उताराने कुत्रा पाण्यावर येतो, हे तिने काही दिवस पाहिलं की ती त्या वेळी तिथे असते. म्हणून पाण्याजवळ राहत असाल तर वाट आणि वेळ बदलत राहा, आणि कुत्र्याला काठावर बांधून तर कधीच ठेवू नका. मासे साफ केलेली घाण, उरलेलं अन्न पाण्यात टाकू नका. माणूस दिसला की खायला मिळतं हे मगरीला शिकवणं सर्वांनाच महागात पडतं. फ्लोरिडात तर ॲलिगेटरना खायला घालणं कायद्याने गुन्हा आहे.

विणीचा काळही बघा. दक्षिण आशियातली गोड्या पाण्यातली मगर साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काठावर खड्डा करून अंडी घालते आणि दोनेक महिन्यांनी पिल्लं निघतात. या दिवसांत मादी जमिनीवरही अंगावर येते. उकरायची हौस असलेला कुत्रा असेल तर या महिन्यांत त्या काठाचं नाव काढू नका.

पाणमांजर, आणि पाण्यात ओढून नेणारे बाकीचे

माझी राणी दोन वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. एका नदीच्या डोहात पाच-सहा डोकी वर आली, फुसफुसल्यासारखा आवाज करत वर-खाली होऊ लागली. मला ते खेळकर वाटलं. मी दोरी सैल सोडली, ही माझी चूक. राणी गळ्यापर्यंत पाण्यात गेली, डोकी थोडी मागे सरकली, ती आणखी पुढे गेली. मग दोन डोकी दिसेनाशी झाली. पुढच्या क्षणी ती केकाटली. खालून मांडीला चावा बसला होता. दोरीचं टोक अजून माझ्या पायाखाली होतं म्हणून ओढून घेता आली. चार बारीक छिद्रं दिसत होती, पण आत खोलवर गेली होती आणि पुढे तीन आठवडे चिघळली.

पाणमांजर दिसायला लोभस आहे, पण ते टोळीने राहतं आणि पिल्लांसाठी जीव तोडून लढतं. पाण्यात कुत्र्याला पाय टेकायला जागा नसते आणि त्यांना ती लागत नाही. ती फुसफूस, ते उभं राहून मान उंचावणं म्हणजे इशारा असतो. तो दिसला की लगेच मागे फिरायचं.

पाठलागातून होणारे घातही असेच. कांगारूच्या मागे कुत्रा लागला की तो पुष्कळदा पाण्यात शिरतो, छातीभर पाण्यात वळून उभा राहतो आणि जवळ आलेल्या कुत्र्याला पुढच्या हातांनी पाण्याखाली दाबून धरतो. हरणंही पाण्याचा आसरा घेतात आणि मागून पोहत येणाऱ्या कुत्र्यावर उलटतात. बीव्हरचे दात झाड पाडणारे आहेत, पिल्लांच्या दिवसांत तो कुत्र्याला चावायला कमी करत नाही. घरट्याजवळचा राजहंसही पोहणाऱ्या कुत्र्यावर चाल करून येतो.

किनाऱ्यावर पहुडलेला सील आजारी किंवा अडकलेला वाटतो. बहुतेकदा तो फक्त विसावा घेत असतो, आणि एकटं दिसणारं पिल्लू आईची वाट पाहत असतं. कुत्र्याला लांबूनच वळवा. हत्ती, पाणघोडा, अस्वल यांच्या बाबतीत आणखी एक धोका : कुत्रा आधी भुंकत अंगावर जातो, मग घाबरून धावत मालकाकडे येतो, आणि त्याच्यामागे ते जनावर. ज्या पाण्यावर ही जनावरं येतात तिथे कुत्रा नेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बिबट्याच्या भागात तिन्हीसांजेनंतर पाणवठा टाळा.

लहान जिवांकडे दुर्लक्ष नको

ओकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडाला फेस आला असेल तर टोडचा (खडबडीत कातडीच्या विषारी बेडकाचा) विचार आधी करा. १९३५ साली ऑस्ट्रेलियात उसावरच्या किड्यांसाठी आणलेला केन टोड तिथे कुत्र्यांचा मोठा वैरी ठरला. त्याच्या खांद्यामागच्या ग्रंथींतलं विष तोंडात गेलं की लाळ गळते, हिरड्या लालबुंद होतात, नंतर झटके येतात. ओल्या कापडाने हिरड्या, जीभ आणि टाळू पुन्हा पुन्हा पुसा, दर वेळी कापड धुऊन घ्या. पाण्याची धार घशात मारू नका, मान खाली करून तोंडाच्या बाजूने पाणी बाहेर पडू द्या. मग थेट डॉक्टर.

साप बेडकांमागे आणि उंदरांमागे काठावर येतो. उंच गवतातून कुत्र्याला पुढे घालू नका, मळलेल्या वाटेने न्या. प्लॅटिपस या ऑस्ट्रेलियातल्या, बदकासारखी चोच असलेल्या प्राण्याच्या नराच्या मागच्या पायाला विषारी काटा असतो, त्याने कुत्री मेल्याच्या नोंदी आहेत.

किनाऱ्यावर वाहून आलेलं काहीही तोंडात जाऊ देऊ नका. जेलीफिशसारख्या जिवांचे तंतू मेल्यानंतरही डंख करतात. २००९ साली न्यूझीलंडमध्ये ऑकलंडजवळच्या किनाऱ्यांवर कुत्री अचानक मरू लागली. वाळूवर आलेल्या राखाडी समुद्री गोगलगायींत टेट्रोडोटॉक्सिन होतं, फुगणाऱ्या पफर माशात असतं तेच विष. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याकडे कच्चा सॅमन खाल्लेल्या कुत्र्यांना एका परजीवीमार्फत येणारा ताप होतो, उपचार न मिळाल्यास त्यातून बहुतेक वाचत नाहीत. “सोड” हा शब्द इथे खरा कामी येतो.

पोहायला सोडायचंच असेल तर

तळ दिसेल असं, उथळ, माणसांची वर्दळ असलेलं पाणी निवडा आणि भर दिवसा जा. पाठीवर पकडायला मूठ असलेलं लाइफ जॅकेट घाला. ते तरंगण्यासाठी आहेच, पण त्याहून जास्त ती मूठ उपयोगी पडते, एका हाताने कुत्रा उचलता येतो. काठी किंवा चेंडू झुडपांच्या आणि लव्हाळ्यांच्या बाजूला फेकू नका. पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर काढा, दमलेला कुत्रा हाकेला उशिरा येतो.

काही झालंच तर

मगरीने कुत्रा ओढून नेला तर पाण्यात उतरू नका. हे वाक्य लिहिताना हात जड होतो, पण कुत्र्यासाठी पाण्यात गेलेली माणसं मेलेली आहेत. काठापासून मागे जा आणि मदत बोलवा.

चावा बसला असेल तर हातमोजे घालून जखम सलाईनने किंवा स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा, रक्त येत असेल तर कापड दाबून धरा, आणि छिद्र कितीही बारीक दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. वन्य प्राण्याचा चावा असल्यास लस घेतलेल्या कुत्र्यालाही रेबीजचा जादा डोस लागतो. तुम्हाला चावा किंवा ओरखडा बसला असेल तर साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि दवाखाना गाठा.

सर्पदंशात चिरा देणं, चोखणं, घट्ट बांधणं, बर्फ लावणं, काही नको. तोंडाला किंवा मानेला दंश असेल तर सूज चढण्याआधी गळ्यातला पट्टा काढा. कुत्र्याला चालवू नका, चादरीत उचलून न्या.

बुडताना काढलेला कुत्रा श्वास घेत नसेल आणि प्रतिसाद देत नसेल तर कुशीवर झोपवा, तोंडातला चिखल काढा. छातीच्या सर्वांत रुंद भागावर मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने ३० दाब द्या, मग तोंड मिटून धरून नाकातून दोन श्वास, पुन्हा ३० दाब. उलटा धरून हलवण्यात वेळ घालवू नका. तो उठून शेपूट हलवू लागला तरी डॉक्टरकडे न्या, कारण फुप्फुसांत पाणी गेल्याचा त्रास काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही सुरू होतो.

घरी आल्यावर

गोड्या पाण्याने अंघोळ घाला, अंग चाटायच्या आत. पायांच्या बोटांमध्ये, कानांत, पोटाखाली आणि शेपटीच्या बुडाशी हात फिरवा. जळू, गोचीड, माशाचा गळ, काटा, सगळं तिथेच सापडतं. जळू नखाने बाजूने सरकवून काढा, मीठ टाकू नका. पाण्यावरून आल्यानंतर काही दिवसांनी कुत्रा सारखा शिंकत असेल किंवा एकाच नाकपुडीतून रक्त येत असेल तर जळू नाकात गेलेली असू शकते.

कॅलेंडरवर त्या दिवसाची खूण करा आणि पुढचे दोन आठवडे लक्ष ठेवा. ताप, उलट्या, खाणं सोडणं, अंग दुखल्यासारखं आखडून चालणं, लघवी कमी-जास्त होणं, डोळ्यांचा पांढरा भाग किंवा हिरड्या पिवळसर दिसणं, यांतलं काहीही दिसलं तर लेप्टोची शंका स्वतःहून डॉक्टरांना सांगा. कुठल्या पाण्यावर, कधी गेला होतात तेही सांगा, नाहीतर तपासणीची दिशा ठरायला उशीर होतो. निदान होईपर्यंत त्याची लघवी साफ करताना हातमोजे घाला आणि लहान मुलांना त्या जागेपासून दूर ठेवा.